नकाराची ऐपत : मारियामा बा यांच्या कादंबरीतील स्त्रिया

सेनेगलच्या मारियामा बा (१९२९–१९८१) यांची ‘यून सी लाँग लेत्र’, म्हणजे ‘इतके लांब पत्र’, ही कादंबरी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८० चे पहिले नोमा पारितोषिक तिला मिळाले. मला फ्रेंच येत नाही. मोदुपे बोडे-थॉमस यांच्या इंग्रजी अनुवादावरून मी लिहिते आहे. बहुपत्नीत्वाविरुद्धची कादंबरी अशी तिची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. सवत आणण्याचा हक्क पुरुषाचा, हे तर झालेच. ती आल्यावर ‘नाही’ म्हणण्याची ऐपत कोणत्या बाईपाशी किती, याचा हिशेब लेखिकेने जास्त बारकाईने मांडला आहे.

रामातुलाय शिक्षिका, बारा मुलांची आई. नवरा मोदू वकील आणि कामगार चळवळीतला पुढारी. वारल्यावर त्याची इद्दत पाळताना ती मैत्रीण ऐसातूला पत्र लिहिते. ऐसातू सोनाराची मुलगी. वोलोफ समाजात भट्टीवर काम करणाऱ्यांची जात खालची. त्यांच्याशी रोटी चालेल, बेटी नाही. ऐसातूची सासू नाबू सिनच्या राजघराण्यातली. ती भावाची मुलगी आणते, तिला शिकवून सुईण करते आणि डॉक्टर मुलाच्या गळ्यात बांधते. इथे पुरुषसत्तेचा गाडा हाकते ती एक बाई, आणि तिच्या हातातला आसूड जातीचा आहे. ऐसातू मुलांना घेऊन निघते, पुढे शिकते, दुभाषी होते आणि अमेरिकेतल्या वकिलातीत नोकरी करते. चौघींत जातीने ती खालची, पण सर्वांत मोकळी तीच. रामातुलाय मात्र राहते. पगार आहे म्हणून राहूनही ताठ राहू शकते. बसने हिंडण्याची वेळ आल्यावर तिला फियाट मिळते तीही ऐसातूच्या पैशाने.

मला सर्वांत जास्त अडवते ती बिनेतू. ती रामातुलायच्या मुलीची, दाबाची, वर्गमैत्रीण. घरची गरिबी. मोदू तिच्या आईवडिलांना मक्केची यात्रा आणि नवे घर, आणि तिला दरमहा ५०,००० फ्रँक देऊ करतो. मुलगी आधी नकार देते, मग आईच्या रडण्यापुढे वाकते. बाकालोरेआ परीक्षा तोंडावर असताना तिची शाळा सुटते. हे सारे रामातुलायला दाबाकडून कळते आणि आपल्याला रामातुलायकडून. बिनेतू स्वतः जवळजवळ बोलतच नाही.

बिनेतूच्या आईला रामातुलाय नाव न देता नुसते ‘सासूबाईसाहेब’ म्हणून हिणवते. त्या हिणवण्यात सवतीचे दुःख आहे, तसा वर्गही आहे. जाड कांकणे घालणाऱ्या बायकांत बसायची त्या आईची हाव लेखिका दाखवते. मात्र ती हाव ज्या उपाशी वर्षांतून आली त्यांना पत्रात फारशी जागा नाही. हा कादंबरीचा दोष मानायचा की निवेदिकेचा? मी निवेदिकेचा मानते. कारण त्याच पत्रात मोदूच्या मृत्यूनंतर दाबा सासूबाईसाहेबांना बंगल्याबाहेर काढते, आणि तो प्रसंग विजयासारखा रंगला असला तरी मधोमध बिनेतू आतून आधीच मेल्यासारखी गप्प उभी आहे. तिला तिथे उभे करणारी लेखिका रामातुलायपेक्षा पुढचे पाहते.

फार्मातावर आणखी लिहायला हवे. ती ग्रिओ, म्हणजे गाणी-वंशावळी सांगणाऱ्या जातीची; आपल्या भाटांची आठवण व्हावी अशी. दौदा दिएंग हा खासदार विधवा रामातुलायला मागणी घालतो. त्याला पहिली बायको आहे, म्हणून रामातुलाय नकाराचे पत्र लिहिते आणि ते फार्माताच्या हाती देते. फार्माताला वाटते होकारच असणार. नकार कळल्यावर ती रामातुलायला तोंडावर बोलते : बारा मुले असलेल्या विधवेने चालून आलेला आधार लाथाडायचा? वाचक रामातुलायच्या बाजूने असतो, मीही आहे. तरीही मला फार्माताचे बोलणे केवळ जुनाट वाटत नाही. ज्या बाईला कधी महिन्याचा पगार मिळाला नाही, तिचा तो व्यवहार आहे. १९७२ च्या सेनेगली कौटुंबिक कायद्याने लग्नाच्या वेळी एकपत्नीत्व स्वीकारण्याची सोय केली, पण तो पर्याय निवडायचा अधिकार नवऱ्याकडेच ठेवला. अशा समाजात हाती आलेला पुरुष सोडणे म्हणजे काय, हे फार्माता पगारदार रामातुलायपेक्षा जवळून जाणते.