ओवीचा अंगीकार

मिशनऱ्याने देशी संस्कृती स्वीकारली, म्हणजे नेमके काय केले? संत जॉन डी ब्रिटो यांनी तमिळ देशात संन्याशाची भगवी वस्त्रे धारण केली आणि १६९३ साली ओरियूर येथे रक्तसाक्ष दिली. १९४७ साली त्यांना संतपद लाभले. फादर थॉमस स्टीफन्स यांना ते लाभलेले नाही; तथापि आम्हा मराठी ख्रिस्ती जनांना त्यांचा अंगीकार अधिक जवळचा वाटतो, कारण तो वाणीचा आहे.

१५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्ग हा ‘वैकुंठ’ होतो, आणि बायबलातील कथा पुराणिकाच्या लयीत वाहू लागते. त्यातील मराठीच्या स्तुतीचा गौरव पुष्कळ झाला. आमच्या मते ग्रंथाचे मर्म अन्यत्र आहे. पहिल्या पुराणात एक ब्राह्मण श्रोता पाद्रीबाबांना विचारतो: जुनी पुराणे आपण वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही?

हा प्रश्न साधा नव्हे. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली होती. म्हणजे हे पुराण रिकाम्या केलेल्या जागेत उगवले. त्याच्या गोडव्यामागे श्रोत्यांची हानी आहे, हे समीक्षेने झाकू नये. परंतु कवीनेही ती झाकली नाही. प्रश्न त्याने श्रोत्याच्याच मुखी राहू दिला. त्याचे मोठेपण आम्हांस येथे दिसते.

१६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी बोलीच मोडून काढण्याचा हुकूम काढला. तरीही गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी हे पुराण हस्तलिखितांतून जपले. तेथेच १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणले. ग्रंथ तगला तो स्थलांतरितांच्या घरांत.

भोसरीच्या कारखान्यांपायी गाव सोडून आलेल्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. मिस्सेत आरती ओवाळली, समई लावली, की देशीकरण झाले असे आपण मानतो. ते सुंदर आहे, पण तो वेष झाला. भाविकाच्या मनातील प्रश्न त्याच्याच भाषेत ऐकून घेणे अधिक कठीण आहे. घरातील मराठी प्रार्थना मुलांच्या ओठी राहिली नाही, तर तो प्रश्न उद्या कोणत्या भाषेत विचारला जाईल?