देवाचे मौन आणि किचिजिरोचा ताईत

दुःखात सापडलेल्या ख्रिस्ती माणसास धीर देणारी पुस्तके आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांचा शेवट वाचकाला पहिल्याच पानावर उमगतो. संकट येते, भक्त डळमळतो, प्रार्थना करतो आणि अखेरीस आजार तरी बरा होतो किंवा मनाला शांती तरी लाभते. रुग्णांच्या उशाशी बसणाऱ्या पुरोहिताला मात्र असे शेवट क्वचितच पाहावयास मिळतात. ‘फादर, एवढी रोझरी म्हटली, देव बोलत का नाही?’ हा प्रश्न त्याला कितीतरी घरांत ऐकावा लागतो. जपानी कॅथलिक लेखक शुसाकु एन्डो (१९२३–१९९६) यांनी नेमका हाच प्रश्न १९६६ साली एका कादंबरीचा विषय केला आणि तिला नावही ‘मौन’ हेच दिले. विल्यम जॉन्स्टन या येशूसंघीय धर्मगुरूंनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९६९ पासून उपलब्ध आहे. आम्ही ती त्या अनुवादातूनच वाचली.

कथानक सतराव्या शतकातील जपानचे आहे. १६१४ च्या हुकुमाने तेथे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली होती. पोर्तुगीज येशूसंघीय क्रिस्तोव्हाव फेरेरा यांनी १६३३ मध्ये छळापुढे धर्मत्याग केला, ही इतिहासातील घटना. आपले गुरू असे करतील यावर विश्वास न बसून रोड्रिगीस व गार्पे हे दोन तरुण धर्मगुरू लिस्बनहून गोवा व मकावमार्गे जपानला पोहोचतात. ही पात्रे कल्पित असली तरी रोड्रिगीसमागे ज्युझेप्पे कियारा या सिसिलियन येशूसंघीयाची खरी कहाणी उभी आहे.

वसईकर वाचकाला हा प्रदेश परका नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण पावले. त्यांचा सण आपण थाटाने साजरा करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु एन्डो त्या टेकडीखालच्या गर्दीकडे पाहतात. ज्यांच्यात क्रुसावर चढण्याचे बळ नव्हते, ज्यांनी घाबरून ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवला आणि मुलाबाळांकडे परतले, त्यांचे पुढे काय झाले? आमच्या प्रवचनांत या माणसांना जागा नसते.

ती प्रतिमा म्हणजे ‘फुमिए’. ख्रिस्ताचे किंवा मरियेचे चित्र पायाखाली तुडवायला लावून कोण ख्रिस्ती आहे ते अधिकारी ओळखत. कादंबरीत मोकिची व इचिझो या शेतकऱ्यांना समुद्रात खांबांना बांधले जाते. भरतीचे पाणी चढत राहते आणि दुसऱ्या दिवशीही समुद्र तसाच करडा व निश्चल असतो. ही पाने वाचताना आम्हांस पुस्तक मिटून ठेवावे लागले. रोड्रिगीसने हुतात्म्यांच्या तेजस्वी कथा वाचलेल्या. येथे ना आकाश उघडते, ना देवदूत येतो.

पुढे तो पकडला जातो. अंधाऱ्या कोठडीत त्याला कोणी तरी घोरत असल्यासारखा आवाज येतो. पहारेकऱ्याचे घोरणे समजून तो चिडतो. मग फेरेरा सांगतात, ते घोरणे नव्हे. खड्ड्यात उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे आहे. त्यांनी स्वतः केव्हाच धर्म सोडल्याचे कबूल केले आहे. सुटका व्हायची ती पाद्रीने प्रतिमेवर पाय ठेवला तरच! स्वतःचे रक्त सांडण्याची तयारी करून आलेल्या माणसासमोर येथे दुसऱ्याचे रक्त ठेवले जाते. पहाटे तो पाय उचलतो, तेव्हा झिजलेल्या तांब्याच्या चेहऱ्यावरचा ख्रिस्त त्याला पाय ठेवण्याची परवानगी देतो. मग कोंबडा आरवतो.

या प्रसंगावर वाद झाले. लेखकाने धर्मत्यागाचे समर्थन केले, हा आक्षेप आम्हांस पूर्ण पटत नाही; कोंबड्याचे आरवणे ज्याला पेत्राची आठवण देत नाही त्याने तो प्रसंग अर्धाच वाचला. आमची तक्रार निराळी आहे. दोनशे पाने मौन सांभाळणाऱ्या लेखकाला ऐन क्षणी ख्रिस्ताच्या मुखी शब्द घालण्याचा मोह आवरला नाही. तो आवाज देवाचा की थकलेल्या मनाचा, हे संदिग्ध ठेवले आहे, असे समीक्षक म्हणतील. तरीही समुद्राकाठच्या पानांची ताकद येथे नाही, असे आमचे मत आहे.

दुसरा मतभेद इतिहासाचा. जपान ही दलदल आहे, येथे ख्रिस्ताचे रोप मुळापासून कुजते, असे फेरेरा म्हणतात, आणि कादंबरी त्यांना जोरकस उत्तर देत नाही. इतिहासाने ते दिले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी फादर पतिजाँ यांच्याजवळ आले आणि आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे त्यांनी सांगितले. दोन शतकांहून अधिक काळ पुरोहित नाही, मिस्सा नाही. प्रतिमेवर पाय ठेवून घरी यायचे आणि पश्चात्तापाची पाठ केलेली प्रार्थना म्हणायची, असे करीत त्यांच्या पूर्वजांनी विश्वास मुलांच्या हाती दिला होता. हे लोक दलदलीतले रोप म्हणावेत काय?

एन्डो यांनाही हे मनातून ठाऊक असावे. नाहीतर किचिजिरो त्यांना सुचला नसता. हा दारुडा, भित्रा माणूस वारंवार प्रतिमा तुडवतो, चांदीसाठी रोड्रिगीसला पकडून देतो, आणि दर वेळी पापनिवेदनासाठी रडत मागे येतो. पाद्रीला त्याची किळस येते. आम्हांला हे पात्र कादंबरीचा गाभा वाटते. दर शनिवारी तेच पाप घेऊन येणारे निवेदनकर्ते ज्याने ऐकले आहेत, तो पुरोहित किचिजिरोला ‘यूदा’ म्हणून मोकळा होऊ शकणार नाही.

मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१६ मध्ये या कथेवर चित्रपट काढला. त्याच्या शेवटी मृत रोड्रिगीसच्या मुठीत लाकडी क्रूस दिसतो. प्रेक्षकाचे समाधान होते, पण मूळ पुस्तक असे काही दाखवीत नाही. तेथे शेवटी एका अधिकाऱ्याची रोजनिशी येते, कंटाळवाणी आणि रुक्ष. अनेक वाचक ती वगळतात, वगळू नये. रोड्रिगीस आता जपानी नाव धारण करून पहाऱ्यात राहतो आणि हुकुमावरून धर्मत्यागाचे निवेदन लिहितो. एकदा सोडलेला धर्म पुन्हा लेखी का सोडावा लागतो, हे कारकून सांगत नाही. त्याच नोंदींत किचिजिरो नोकर म्हणून आढळतो. त्याची झडती होते, आणि त्याच्याजवळच्या ताईतात संतांची चित्रे सापडतात.