दूरस्थ स्वयंचलित वेधशाळा : नई तालीमच्या निकषावर एक चिकित्सा

प्रस्तावना

निरीक्षक दुर्बिणीजवळ नसताना आकाशाचे वेध घेणारी यंत्रणा म्हणजे दूरस्थ स्वयंचलित वेधशाळा. घुमट उघडणे, तारकाक्षेत्र शोधणे, ठरावीक काळ छायाचित्रण करणे आणि ढग दाटून येताच घुमट मिटणे ही सर्व कामे संगणक करतो. तिची प्रशंसा बहुधा सोयीच्या भाषेत होते; घरबसल्या विश्वदर्शन, असे म्हटले जाते. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तिची परीक्षा वेगळ्या निकषावर व्हावयास हवी, आणि तो निकष वर्ध्यातच उपलब्ध आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाधिष्ठित शिक्षणाचा विचार मांडला गेला. हस्तोद्योग यांत्रिकपणे शिकवू नये, प्रत्येक क्रियेचे कारण विद्यार्थ्यास उमगले पाहिजे, ही गांधीजींची त्यामागील अट होती. प्रस्तुत लेखात ही अट वेधशाळेला लावून पाहिली आहे.

दूरस्थ आणि स्वयंचलित : एक आवश्यक भेद

हे दोन शब्द सरसकट एकत्र वापरले जातात. परंतु त्यांचा अर्थ एक नाही. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर असलेली २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळील होसकोटे येथून उपग्रहाद्वारे चालविली जाते. येथे माणूस दूर आहे, पण निर्णय त्या त्या क्षणी तोच घेतो. त्याच ठिकाणी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेने उभारलेली ०.७ मीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण २०१८ पासून वेध घेत आहे. अल्पकाळ प्रकाशणाऱ्या स्फोटक घटनांचा त्वरित मागोवा घेणे हे तिचे मुख्य कार्य. येथे निर्णय आधीच आज्ञावलीत लिहिलेला असतो. म्हणजे स्वयंचलनाने मानवी विवेक नाहीसा होत नाही. तो रात्रीकडून दिवसाकडे सरकतो. कोणत्या वस्तूला अग्रक्रम द्यावा, वाऱ्याची मर्यादा किती मानावी, हे कोणीतरी ठरविलेलेच असते. विद्यार्थ्याला या ठरविण्यात वाटा मिळतो की तो केवळ फलिताचा ग्राहक राहतो, हा खरा प्रश्न आहे.

चित्र आणि मोजमाप

तेजोमेघांच्या व दीर्घिकांच्या छायाचित्रांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघाच्या सुप्रसिद्ध चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. वस्तुतः हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश तांबडाच असतो. हे चित्र खोटे नाही. ते एक भाष्य आहे, आणि भाष्याची रीत ठाऊक नसेल तर ते केवळ शोभेचे राहते.

ही रीत शिकण्याजोगी आहे. कॅमेऱ्यातील उष्णताजन्य संकेत वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेली प्रतिमा, भिंगावरील धूळ व प्रकाशाची विषमता काढण्यासाठी एकसारख्या उजेडाची प्रतिमा, आणि मग अनेक छायाचित्रांची बेरीज असा तिचा क्रम आहे. शंभर प्रतिमा एकत्र केल्यास संकेत शंभरपट वाढतो, यादृच्छिक गोंगाट मात्र केवळ दहापट. म्हणून अंधुक वस्तू उठून दिसते. सूत कातणाऱ्या मुलाला पीळ का द्यावा लागतो हे कळावे, तसेच हे 'का' येथे कळते. यासाठी विद्यार्थ्याच्या हाती कच्च्या प्रतिमा पडल्या पाहिजेत. तयार रंगीत चित्र देणारी वेधशाळा या निकषावर उतरत नाही. उलट, केवळ नेत्रकातून क्षणभर शनी दाखवून रांग पुढे सरकविणारा आकाशदर्शनाचा कार्यक्रमही उतरत नाही.

स्थानाचा विचार

मग सर्व काही हानलेवर सोपवावे काय? पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ गिरावली येथे आयुकाची २ मीटर दुर्बीण २००६ पासून आहे. पावसाळ्यात तेथील वेध थांबतात. वर्ध्यालाही ही मर्यादा आहेच, शिवाय धूळ व सखल भूमी. तरीही सुमारे २०.७ अंश उत्तर अक्षांशामुळे वर्ध्याहून ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ क्षितिजावर सुमारे २२ अंश चढतो. हानलेहून तो जेमतेम १० अंशांपर्यंत येतो. दक्षिणेकडील तेजस्वी वस्तू व रूपविकारी तारे यांच्या नियमित नोंदींसाठी येथील लहान दुर्बीणही निरर्थक ठरणार नाही.

समारोप

महाविद्यालयाने घुमट बांधावा की दूरस्थ वेधांचा आधार घ्यावा, हा निर्णय खर्चाआधी अध्यापनपद्धतीचा आहे. निरीक्षणाचा प्रस्ताव विद्यार्थ्याने लिहावा, कच्च्या प्रतिमांचे शोधन त्याने करावे आणि निष्कर्षातील त्रुटीची मर्यादाही त्यानेच सांगावी. एवढे घडले तर दुर्बीण हजार मैलांवर असली तरी शिक्षण हाताशी राहील. हे घडणार नसेल, तर गच्चीवरील घुमट आणि पडद्यावरील सुंदर तेजोमेघ यांत फारसा फरक उरत नाही.