कारखान्याचे गरम पाणी पिंपळीला आणावे का?

बारामती-इंदापूर भागातल्या पिंपळीसारख्या गावात थंडीच्या दिवसांत पहाटे अंगणातले बंब धुमसू लागतात. त्याच वेळी भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या साखर कारखान्यात कोमट पाणी कारंज्यांतून उडवून मुद्दाम थंड केले जात असते. ही विसंगती हुशार विद्यार्थ्याच्या ध्यानात आली, की विज्ञान प्रदर्शनात प्रकल्प ठरलेला: वाया जाणारी उष्णता नळाने गावात आणा. डेन्मार्कमध्ये आणतात, मग आपण का नाही? परीक्षक म्हणून अशा प्रकल्पाला मीही शाबासकी दिली आहे. ती जरा घाईचीच होती.

प्रकल्पाचा पाया मात्र पक्का आहे. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे उष्णतेच्या राशीपाशी थांबतात, तिच्या पातळीकडे वळत नाहीत. २५ अंशांचे १० लिटर पाणी उकळायला ७५० किलोकॅलरी लागतात. ५० लिटर पाणी ४० अंशांपर्यंत तापवायलाही तेवढ्याच. पण दुसरे काम ५० अंशांच्या टाकाऊ पाण्याकडूनही करून घेता येते, पहिले नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी हजार अंशांचा जाळ किंवा वीज वापरणे ही चैन आहे. कारखान्याला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. रस आटवताना एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्यातला रस उकळते. शेवटच्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवल्यामुळे रस ५५ अंशांच्या आसपासच उकळतो. नोर्बर्ट रिलिय यांनी १८४३ साली अमेरिकेत या युक्तीचे पेटंट घेतले.

आता हिशोब करू. घरे ५००, दर घरी रोज १०० लिटर पाणी, तापमानवाढ १५ अंश: म्हणजे साडेसात लाख किलोकॅलरी. शेवटच्या भांड्यातली एक किलो वाफ थिजताना सुमारे ५६५ किलोकॅलरी देते. दीड टनाहूनही कमी वाफ पुरे! रोज हजारो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला हे काहीच नाही. बहुतेक प्रकल्प इथेच टाळ्या घेऊन संपतात.

नळीचा हिशोब कोणी मांडत नाही. कारखाना पाच किलोमीटरवर आहे असे धरू. चांगले वेष्टण घालून पुरलेल्या जाण्या-येण्याच्या नळ्यांतून मीटरमागे ६ वॅट उष्णता झिरपते असे मानले, तर दिवसाला ७२० युनिट, म्हणजे सव्वासहा लाखांच्या जवळपास किलोकॅलरी वाटेतच जातात. गावातल्या गल्ल्या अजून राहिल्याच. शिवाय गाळप संपले की नळी कोरडी.

डेन्मार्कमध्ये हे जमते, कारण तिथे त्याच नळीने घरेही उबदार ठेवायची असतात आणि घरे दाटीने असतात. तरीही घरांच्या भिंती-खिडक्या सुधारून गरज घटली, की नळीची गळती तिथेही बोचू लागते. म्हणून पूर्वीच्या ८० अंशांऐवजी ५०-५५ अंशांचे पाणी पाठवायचे प्रयोग तिथे झाले. पण कोमट पाणी साठून राहिले तर त्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. म्हणून साठा न करता लागेल तेव्हाच घरात उष्णता-विनिमयकातून पाणी तापवतात. बारामतीत खोली गरम करायची कोणाला गरज आहे?

नळी २०० मीटरची केली तर तोटा २५ हजार किलोकॅलरींवर येतो. कारखान्यालगतच्या कामगार वसाहतीत हे जमेल, हंगामापुरते. पिंपळीच्या छपरावर मात्र सौरबंबच हवा. पुढच्या प्रदर्शनात मी मुलांना आधी नळीची लांबी विचारणार आहे.