दफनाची नोंद कशी वाचावी?

धक्क्यावर स्फोट झाला त्या वर्षी माझी पणजी गेली, एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. स्फोट म्हणजे 14 एप्रिल 1944 चा, व्हिक्टोरिया डॉकमधल्या 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा. पणजी त्या स्फोटात गेली नाही, आजारपणात गेली. आजी, म्हणजे माझ्या आईची आई, तेव्हा सहा वर्षांची होती. पणजी नगरकडची होती आणि ख्रिस्ती होती, हे मात्र घरात फारसं कुणी बोलत नसे. पणजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांनी दुसरं लग्न केलं, 1956 नंतर घर बौद्ध झालं आणि पणजीचा धर्म, तिचं माहेर, तिची कबर या तिन्ही गोष्टी बोलण्यातून एकदमच गेल्या.

मी अँटॉप हिलला राहते. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी घरापासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आजीने दोन वर्षांपूर्वी विचारलं, "माझ्या आईला तिथेच ठेवलंय का, ते तुझ्या कॉम्प्युटरवर बघता येईल?" तेव्हापासून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या वाचतेय. सोबत पूर्वजांच्या शोधाबद्दल जे लिहिलं जातं तेही वाचलं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. माझी तक्रार अशी की या प्रकारच्या लेखनात नोंदवहीकडे पुरावा म्हणून पाहिलं जातं, मजकूर म्हणून नाही. आणि ज्या कागदाला मजकूर म्हणून वाचलं नाही, तो पुरावा म्हणूनही फसवतो.

आधी हा मजकूर लिहितं कोण ते पाहू. प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा आणि लग्नाची वही ठेवावी, हा नियम कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, 1563 मध्ये केला. दफनाची वही 1614 च्या विधिग्रंथाने आली. लग्नाची वही ठेवण्यामागे हेतू स्पष्ट होता: चोरून लागलेली लग्नं आणि जवळच्या नात्यातली लग्नं रोखणं. म्हणजे वंशावळ हा त्या वहीचा विषयच नव्हता. पोर्तुगीजांबरोबर हे नियम वसई, साष्टी, माहीमला पोचले. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांसोबत धर्मपिता-धर्ममाता येतात. मुंबईत तर 1794 पासून 1928 पर्यंत दोन बिशपांच्या सत्ता शेजारी-शेजारी होत्या, काही चर्चेस पोर्तुगीज पाद्रोआदोकडे आणि काही रोमच्या प्रोपगांडाकडे. म्हणजे एकाच वाडीतल्या दोन घरांच्या नोंदी वेगळ्या चर्चमध्ये, वेगळ्या शिस्तीत सापडू शकतात.

इंग्रजांची पद्धत वेगळी. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. 1709 पासूनच्या या नकला आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यात मुख्यतः गोरे आणि अँग्लो-इंडियन आहेत. त्यांच्या दफनाच्या तक्त्याचे रकाने साधारण असे: मृत्यूची तारीख, नाव, आडनाव, वय, हुद्दा किंवा धंदा, मृत्यूचं कारण, दफनाची तारीख, विधी कुणी केला. आमच्यासारख्यांच्या, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या महार-मांगवाड्यांतून ख्रिस्ती झालेल्यांच्या नोंदी मिशनच्या स्थानिक चर्चांमध्येच राहिल्या. त्यांचे रकाने तेच, फक्त भरणारा हात मराठी.

मी डेटाबेसवर काम करते. रकाना म्हणजे काय हे मला रोज कळतं: कुणीतरी आधीच ठरवलेला प्रश्न. दफनाच्या वहीत मेलेल्या बाईचा धंदा कोणता, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर येतं 'अमक्याची बायको'. तिला मुलं किती, माहेर कुठलं, हे विचारलेलंच नाही. म्हणून ती माहिती 'हरवली' असं म्हणणं चूक आहे. ती कधी मागितलीच नव्हती. रिकामा रकाना आणि नसलेला रकाना यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने नोंदवहीवर लिहू नये असं मला वाटायला लागलंय.

मराठीतला वंशावळीचा आपला जुना प्रकार म्हणजे कुलवृत्तांत. विसाव्या शतकात चित्पावन आणि इतर घराण्यांनी असे जाडजूड ग्रंथ छापले. मेहनत मोठी आहे, पण रचना पाहा. पुरुषापासून पुरुषाकडे रेघ जाते. लेकी बापाच्या नावाखाली येतात आणि लग्नाबरोबर दुसऱ्याच्या ग्रंथात निघून जातात. सुना नवऱ्याच्या नावापुढे, बहुधा बदललेल्या नावाने येतात. आणि हा ग्रंथ कुणाचा निघतो? ज्यांच्याकडे जमिनीचे, वतनाचे, तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांच्या चोपड्यांतले कागद आधीपासून आहेत त्यांचा. आमच्या घरातलं कुणी कधी त्र्यंबकेश्वरला उपाध्यायासमोर बसून आजोबा-पणजोबांची नावं सांगितलेली नाहीत. त्या हिशेबाने चर्चची वही आमच्यासाठी उदारच म्हणायची. तिने पणजीसारख्या बाईला निदान एक ओळ तरी दिली असणार.

ती ओळ शोधताना मी काय केलं ते सांगते, कारण माझ्या टीकेचा मुद्दा त्या चुकीतून आलाय. परवानगी मिळाली त्या वह्यांच्या पानांचे फोटो काढून मी नोंदी एका तक्त्यात टाइप केल्या. नावांचा गोंधळ भयंकर असतो. पणजीचं नाव इथे देत नाही, पण उदाहरणादाखल 'राहेल' घ्या. तेच नाव राहेल, राहेलबाई, रेचल, राही असं कसंही येतं. आडनाव कधी गावावरून, कधी नवऱ्याच्या बापाचं नाव. वय अंदाजे. मी नावांतल्या अक्षरांचं साम्य मोजणारा, पत्ता आणि वय जुळवून गुण देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एक नोंद सगळ्यांच्या वर आली: 1944, वय तीस, परळ, गिरणी कामगाराची बायको, नवऱ्याचं नाव पणजोबांचंच. शंभरात सत्त्याऐंशी गुण. मी त्याच संध्याकाळी आजीला सांगितलं, "सापडली."

आम्ही शिवडीला गेलो. तिथे 'व्हीटी'चा वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आहे, 'गेट वे'चा जॉर्ज विटेट आहे, कवी डॉम मोराइस आहेत. गिरणी कामगाराच्या बायकोची कबर मात्र शोधायची नसते, कारण जागा कायमची विकत घेतलेली नसेल तर काही काळाने तीच जागा दुसऱ्याला मिळते. आजीने एका वाटेच्या कडेला झेंडूची फुलं ठेवली. परतताना टॅक्सीत तिने विचारलं, "तारीख काय होती म्हणालीस?" मी म्हटलं, फेब्रुवारी. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "धक्का उडाला तेव्हा आईने मला पोटाशी धरलं होतं. खिडकीच्या काचा पडल्या होत्या. ही दुसरी कुणी असेल."

हे ती मला आधीही बोलली होती. मी लिहूनही घेतलं होतं, पण 'आठवण' या सदराखाली. गुण देताना आठवणीला मी रकानाच ठेवला नव्हता.

शोधकथांचा जगभरचा आदर्श म्हणजे ॲलेक्स हेलीचं 1976 चं 'रूट्स'. गांबियातून पकडून आणलेला कुंटा किंटे 1767 मध्ये 'लॉर्ड लिगोनियर' जहाजातून ॲनापोलिसला उतरतो आणि मालकाच्या घरी 'टोबी' होतो. नंतर वंशावळीच्या अभ्यासकांनी व्हर्जिनियातले कागद तपासले तेव्हा त्या कुटुंबाकडचा टोबी 1762 पासूनच नोंदीत होता, जहाज यायच्या पाच वर्षं आधी. तिथे सांगोवांगीला कागदाने खोटं पाडलं. माझ्या बाबतीत कागदाला आठवणीने. दोन्हीकडे चूक एकच: शोधणाऱ्याला शेवट हवा होता आणि जे जुळलं त्यावर तो थांबला. म्हणूनच बहुतेक शोधकथा एकाच जागी संपतात, शेवाळलेल्या दगडावर हात फिरवून. न सापडलेल्यांच्या गोष्टी छापल्या जात नाहीत, म्हणून सापडणं हा नियम वाटतो.

मग नोंदीच्या पलीकडचं कुठे मिळतं? मराठीत याचं सर्वांत मोठं उत्तर म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', 1934 पासून चार भागांत आलेली. चर्चच्या वहीच्या नजरेने ती पुन्हा वाचली तर थक्क व्हायला होतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत फेब्रुवारी 1895 मध्ये झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. वहीत या दोन स्वतंत्र ओळी आहेत, मध्ये पाच वर्षं आणि शेकडो अनोळखी नावं. पुस्तकाचा प्राण नेमका त्या मधल्या जागेत आहे: नवऱ्याशिवाय नातेवाइकांकडे काढलेले दिवस, पत्रं, राग, आणि टिळकांकडे परतल्यावरही काही काळ सांभाळलेलं सोवळं. वही सांगते की माणूस बदलला. लक्ष्मीबाई सांगतात की बदलायला किती वेळ लागला आणि त्या वेळात स्वयंपाक कुणी, कुणाच्या हातचा, कसा खाल्ला. शिवाय त्या जन्मल्या मनू गोखले म्हणून आणि लग्नात झाल्या लक्ष्मी. माझ्या प्रोग्रॅमने या दोघींना कधीच एक मानलं नसतं.

पण 'स्मृतिचित्रे'लाच मराठी ख्रिस्ती माणसांची गोष्ट मानायची आपली सवय मला खटकते. धर्मांतराचं मराठी आत्मचरित्र म्हटलं की आपण बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' काढतो, पंडिता रमाबाई काढतो, टिळक काढतो. ही शिकलेल्या, बहुतांशी वरच्या जातींतल्या माणसांची एकेकट्याने केलेली धर्मांतरं. नगर जिल्ह्यात मात्र ख्रिस्ती झाले ते वाडेच्या वाडे, 1876-78 च्या दुष्काळानंतर तर फार मोठ्या संख्येने. 1899-1900 च्या दुष्काळात पोरकी मुलं मिशनच्या आश्रयाला आली. माझ्या पणजीची आई त्यातलीच एक, असं आजीने ऐकलंय. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात अशी मुलं येतात, त्यांना त्या मायेने जेवू घालतात, पण पुस्तक पुढे जातं आणि मुलं मागे राहतात. हा लक्ष्मीबाईंचा दोष नाही, त्या स्वतःची गोष्ट सांगत होत्या. दोष आपल्या वाचनाचा आहे. एका असामान्य पुस्तकाने आपण हजारो ओळींचं देणं फिटलं असं समजलो.

पणजीकडे 'स्मृतिचित्रे' नाही, कुलवृत्तांत नाही, दगड नाही. तिच्याबद्दल लिहायचं तर दोन मोह टाळावे लागतात. एक, तिच्या आयुष्याची कादंबरी करून रिकाम्या जागा भरणं. दोन, 'इतिहासाने तिला गिळलं' असं हळहळून मोकळं होणं. मधला मार्ग कंटाळवाणा आहे: जे माहीत आहे ते, ते कुणी सांगितलं, आणि कशावरून, एवढं लिहिणं. धक्का उडाला तेव्हा ती जिवंत होती. साक्षीदार: मुलगी, वय सहा. काचा पडल्या होत्या. ही नोंद कुठल्याही चर्चच्या वहीइतकीच पक्की आहे आणि तिला रकाना मीच आखायचा आहे.

फेब्रुवारीतली ती बाई मी तक्त्यातून काढलेली नाही. तिच्यापुढे 'आमची नव्हे' असं लिहिलंय. आजीला विचारलं, फुलं चुकीच्या माणसाला गेली याचं वाईट वाटतं का. ती म्हणाली, "तीही परळचीच ना?" आता ऑगस्ट ते डिसेंबर 1944 ची पानं वाचायची राहिलीत.