स्वार नसलेला घोडा

येडगावाकडून मुंबई पाहावयास गेलेली मंडळी मुलांना म्हातारीचा बूट दाखवतात, गेटवे दाखवतात. फोर्टातल्या काळ्या घोड्यापाशी मात्र सहसा थांबत नाहीत. खरे म्हणजे खुळ्या कुतूहलाने थांबावे अशीच ती जागा आहे.

पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा तेथे १८७९ मध्ये बसला. घडवला बोएमने, देणगी ससूनची. लोकांनी युवराजाकडे काणाडोळा करून चौकाला नाव दिले ते घोड्याचे! पुतळ्यावर याहून नेमकी टीका कोणा पंडिताने केली असेल? १९६५ साली पुतळा हलला, नाव तेवढे राहिले. आणि २०१७ मध्ये त्या नावाखातर श्रीहरी भोसले यांनी नवा घोडा घडवला. पाठ रिकामीच ठेवली.

जुन्या राजेशाही डौलातून हा घोडा पुरता सुटलेला नाही. अंगात थोडा उधळेपणा हवा होता. पण ती रिकामी पाठ! इतर पुतळ्यांपुढे आपण हात जोडून पुढे सरकतो, येथे पोर विचारतेच, “वर बसणारा कुठे गेला?”

आम्हां जुन्नरकरांना हा प्रश्न नवा नाही. नाणेघाटच्या लेण्यात सातवाहन राजकुळाच्या प्रतिमा होत्या. आज सिमुक, नागनिका, सातकर्णी ही ब्राह्मीतली नावे भिंतीवर आहेत, खाली पावलांच्या खुणा. बाकीची माणसे पाहणाऱ्याने मनाने उभी करायची. मुंबईकरांनी नावावरून घोडाच उभा केला.

एडवर्डसाहेब भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहेत. वाघ पाहून झाल्यावर मुलांना तेही दाखवावेत.