इन्सुलिन-प्रतिरोध : मापन आणि कार्यकारणभाव – एक चिकित्सा

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे विवेचन करताना एक कार्यकारणसाखळी गृहीत धरली जाते. पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते. कालांतराने स्वादुपिंडाची क्षमता उणावते आणि रक्तशर्करा वाढते. या साखळीतील पहिला दुवा कसा मोजला जातो आणि त्या मापनावरून कोणते निष्कर्ष काढता येतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मधुमेहींमध्ये इन्सुलिनला संवेदनशील व असंवेदनशील असा भेद हिम्सवर्थ यांनी 1936 मध्ये दाखविला. त्याचे थेट मापन 1979 मध्ये वर्णिलेल्या क्लॅम्प पद्धतीने होते. तीत इन्सुलिन शिरेतून ठरावीक वेगाने देत असताना रक्तशर्करा स्थिर ठेवण्यास किती ग्लुकोज द्यावे लागते, हे पाहतात. ही पद्धत कष्टसाध्य असल्याने मोठ्या पाहण्यांत 1985 पासूनचा ‘होमा’ निर्देशांक रूढ झाला. उपाशीपोटीचे इन्सुलिन व ग्लुकोज यांच्या गुणाकारास 22.5 ने भागले की तो मिळतो.

येथेच विचारास अवकाश आहे. इन्सुलिन वाढले म्हणून प्रतिरोध आहे असे मानावयाचे आणि प्रतिरोध आहे म्हणून इन्सुलिन वाढले असे म्हणावयाचे, हा तर्कशास्त्रातील अन्योन्याश्रय दोष होय. इन्सुलिनचा स्राव आधी वाढून पेशींचा प्रतिसाद नंतर उणावला, तरी हा निर्देशांक वाढलेलाच दिसेल. तो अवस्था सांगतो. क्रम सांगत नाही. 1998 मध्ये ब्रूनिंग व सहकाऱ्यांनी स्नायूंमध्ये इन्सुलिनचे ग्राहक नसलेले उंदीर निर्माण केले. त्यांच्या शरीरातील चरबी वाढली. रक्तशर्करा मात्र सामान्यच राहिली. प्रतिरोध कोणत्या अवयवात आहे, हेही महत्त्वाचे आहे, असा याचा अर्थ.

या पार्श्वभूमीवर पुण्याजवळील सहा गावांत 1993 मध्ये सुरू झालेला माता-पोषण अभ्यास पाहावा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या 2008 मधील निबंधानुसार दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये ब-12 कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत प्रतिरोध सर्वाधिक आढळला. गर्भवतींना लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या सर्रास दिल्या जात असलेल्या देशात या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. तथापि तो ‘होमा’वर आधारलेला सहसंबंध आहे. तेवढ्यावरून फोलिक आम्लास दोषी ठरविणे अयोग्य ठरेल. गर्भाच्या मज्जारज्जूच्या विकासासाठी त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली आहे.

या संशोधकांचे श्रेय असे की, ते सहसंबंधावर थांबले नाहीत. याच कुटुंबांतील किशोरवयीन मुलामुलींना गर्भधारणेपूर्वीच ब-12 देऊन पुढील पिढीवरील परिणाम तपासणारा प्रयोग त्यांनी 2012 मध्ये आरंभिला. कार्यकारणभाव ठरविण्याचा मार्ग हाच होय.

महाविद्यालयीन प्रकल्पांतही ‘होमा’ सुलभ म्हणून वापरला जातो. तो वापरण्यास हरकत नाही. परंतु निर्देशांकाच्या आकड्यालाच रोगाचे कारण मानण्याचा मोह मार्गदर्शक अध्यापकांनी टाळावयास हवा.